तासगावपर्यंतचं नाटक

त्यांच्या परीक्षणाखाली तारे नसत, गावाचं नाव असे.

शुक्रवारच्या पुरवणीत सिनेमा, नाटक, मालिका, पुस्तक, त्या आठवड्यात जे काही त्यांच्या तावडीत सापडलं असेल त्यावर साडेतीनशे शब्द, आणि मालिका सोडली तर शेवटच्या ओळीत एका गावाचं नाव. 'माधवनगर' असं छापून आलं की समजायचं, सांगलीत राहत असाल किंवा फार तर माधवनगरात, तर बघा. त्यापलीकडून यायचे कष्ट घेऊ नका. 'मिरज' त्याहून थोडं बरं. 'तासगाव' म्हणजे ठीक. 'विटा' म्हणजे चांगलं, एक दिवस मोडून यावं असं. मग कराड, मग सातारा, मग वाई, आणि सगळ्यात शेवटी खंडाळा. खंडाळ्याच्या पुढं पुणे जिल्हा लागतो, तिथं आमचा पेपर जात नाही, म्हणून त्यापुढं ते मोजत नसत.

खंडाळा त्यांनी माझ्या नोकरीत एकदाच दिलं. एका शाळेच्या गॅदरिंगमधल्या बारा मिनिटांच्या नाटुकल्याला. त्याचा पुन्हा प्रयोग होणारच नव्हता. संपादक त्यांना म्हणाले, "अहो, आता खंडाळ्याच्या माणसानं काय करायचं?"

"हळहळायचं," ते म्हणाले.

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणे. त्यांचं आडनाव सहीत असायचं, पण ते कुणाला वाचता येत नव्हतं आणि विचारायची कुणाला गरज पडली नाही.

मी त्या पेपरात उपसंपादक. अजून आहे. पुरवणीचं ते पान माझ्याकडं. मी विट्याचा. वडील यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. आमच्या घरात, चुलत-मावस सगळे धरून, कॉलेजात जाऊन पदवी घेतलेला पहिला मी. हे मी जाईन तिथं सांगतो. काही लोकांना त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळत नाही. त्यांच्या घरात आजोबाच बी. ए. असतात.

काकांनाही मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"कुठला तू?" त्यांनी विचारलं होतं.

"विट्याचा."

"मग दुकान कुठं तुमचं? कोचीनला का कलकत्त्याला?" विट्याकडची बरीच माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, म्हणून हा प्रश्न.

"दुकान नाही. वडील मागावर आहेत."

"म्हणजे विट्याचा आणि विट्यातच राहिलेला माणूस. बरं वाटलं."

"मी बी. ए. आहे. मराठी. फर्स्ट क्लास."

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "होईल बरं हळूहळू," असं म्हणून ते निघून गेले.

मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर एक्स-रे काढले. परीक्षणं लिहायचं काम त्या नोकरीच्या जोडीनं सुरू झालं आणि निवृत्तीनंतर तेवढंच राहिलं. लिहायचे ते एक्स-रेच्या जुन्या पाकिटांवर. मोठी पिवळट पाकिटं उभी फाडून आतल्या कोऱ्या बाजूला, शाईच्या पेनानं. मजकूर मेलवर पाठवा, निदान फोटो काढून तरी पाठवा, असं आम्ही सांगून थकलो. दर गुरुवारी ते मिरजेहून सिटी बसनं यायचे, पाकीट माझ्या टेबलावर टाकायचे आणि उभ्या उभ्याच परत जायचे. छापून आलेलं परीक्षण ते वाचत नाहीत, असं ते सांगत. मला ते खरं वाटायचं.

दवाखान्याचा परिणाम त्यांच्या सगळ्या मतांवर होता. एखाद्या परीक्षणात कुणी नटीच्या दिसण्याचं कौतुक केलेलं दिसलं की ते म्हणत, "पेशंट गोरा आहे का सावळा हे डॉक्टरला सांगून उपयोग नाही. मोडलंय कुठं ते सांगा." नाटकाला ते शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर बसत. पास पुढच्या रांगेचा असला तरी. तिथून त्यांना लोकांच्या माना दिसत. चेहऱ्यावर माणूस काहीही आणू शकतो, ओळखीच्याचं नाटक असलं तर हसरा ठेवतो, पण कंटाळा आला की मान आधी कलते, असं त्यांचं म्हणणं. प्रयोग संपला की सगळ्यांच्या आधी उठून ते बाहेर फाटकाशी उभे राहत आणि येणाऱ्या माणसांना एकच विचारत, "कुठून आलात?" माणूस लांबचा निघाला तर पुढचं विचारत, "आलात ते बरं झालं का?"

टीव्ही त्यांच्या घरी नव्हता. मालिका बघायला ते त्याच दवाखान्यात जात. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाइकांना बसायला बाकडी आहेत आणि वर भिंतीला टीव्ही आहे, तिथं. "ज्याचं माणूस आत टेबलावर आहे," ते म्हणत, "तो जर पाच मिनिटं त्या टीव्हीकडं बघत बसला, तर मालिकेत काहीतरी आहे. घरी भाकरी खाताना काय, लोक भिंतीकडंसुद्धा बघतात." एका फार गाजलेल्या मालिकेबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की सोमवार ते शनिवार सहा दिवस मी तिथं बसलो, या मालिकेच्या वेळेत एकूण चौदा जण पाणी प्यायला उठले.

मालिकांवर त्यांचा कायमचा एक राग होता, तो रिकाम्या कपांचा. नट चहा पितात पण कपात चहा नसतो. "कप रिकामा आहे हे मनगट सांगतं. भरलेला कप कुणी असा हवेत नाचवतं का? ज्यांना कपात चहा ओतायचा आळस, ते डोळ्यांत पाणी कुठून आणणार?" हे त्यांनी इतक्या वेळा लिहिलं, की शेवटी मी ते कापायला लागलो. कापलेलं त्यांना कळायचं नाही, कारण ते वाचतच नव्हते.

हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. कापणं हे माझं कामच होतं. ते करताना मला कधी काही वाटलं नाही.

पुस्तक ते साठाव्या पानापासून वाचायचे. पहिल्या पानांवर लेखक आंघोळ करून, केस विंचरून बसलेला असतो. साठाव्या पानावर तो दमतो आणि मग आहे तसा दिसतो. तिथं आवडला तर ते पहिल्या पानावर येत. पुस्तकाला ते एक गाव कमीच देत, कारण वाचनालयातून पुस्तक आणायला एक फेरी आणि परत करायला दुसरी. जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या संचालकांचा कवितासंग्रह आला तेव्हा त्यांनी शेवटी लिहिलं, 'वाचनालय घराखालीच असेल तर.' संचालक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ऑफिसात. योगायोगानं काकाही होते.

"मी कोन हाय ते म्हाईत हाय का तुमाला?"

"साठाव्या पानावर कळलं," काका म्हणाले. "त्याच्या आधी तुम्ही लपून बसला होता."

संचालक उभेच राहिले. मग त्यांनी विचारलं, "काय हाय साठाव्या पानावर?"

"भावाशी वाटणीवरनं झालेलं भांडण. पुस्तकात तेवढी एकच कविता आहे."

"ती काडा म्हनत व्हते सगळे," संचालक म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. चहा पिऊनच गेले.

मोबाइलवर येणाऱ्या वेब सिरीजचं काय करायचं हा प्रश्न त्यांना बरेच दिवस पडला होता. घरबसल्या बघायच्या गोष्टीला गाव कसं देणार? शेवटी त्यांनी वेगळं माप काढलं. बॅटरी संपत आली असताना उठून आतल्या खोलीतून चार्जर आणावा का नाही. 'चार्जर आणावा' किंवा 'आणू नये', एवढंच. संपादकांना हे थिल्लर वाटलं. पण पुण्या-मुंबईच्या पेपरांतले तारे विसरून आमच्याकडची पोरं एकमेकांना विचारायला लागली, चार्जर हाय का बिनचार्जर?

या गावांच्या पद्धतीमागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. फार पूर्वी त्यांनी मिरजेत चाललेल्या एका नाटकाबद्दल 'अवश्य पाहावे' असं लिहिलं. त्यानंतर एका सकाळी ड्यूटीवर जाताना त्यांना स्टँडवरच्या बाकावर एक नवरा-बायको बसलेली दिसली. बाईच्या मांडीवर आमचा पेपर. दोघं जतहून नाटकाला आली होती. शेवटची गाडी चुकली म्हणून रात्र तिथंच काढली होती. काकांनी आपण कोण ते न सांगता विचारलं, नाटक कसं होतं? तो माणूस थोडा विचार करून म्हणाला, "वंगाळ न्हवतं. पर जतवरनं यायासारकं न्हवतं."

"त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "त्यानं बरोबर माप सांगितलं. मी 'अवश्य' लिहिताना जत धरलंच नव्हतं."

त्यानंतर 'अवश्य' हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही.

आता माझ्या नाटकाचं.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. सांगलीतल्या एका हौशी संस्थेनं माझं दोन अंकी नाटक बसवलं. विषय मागाचा. एक जॉबर, त्याचं शेड, नवे माग येणार म्हणून जुने भंगारात निघालेत, एवढीच गोष्ट. मी काकांना संहिता दाखवली नव्हती. दाखवायला पाहिजे होती असं तेव्हा वाटलं नाही. मागाबद्दल मिरजेच्या माणसानं मला काय सांगायचं, असं माझ्या डोक्यात होतं. पहिला प्रयोग एका रविवारी झाला, दुसरा पुढच्या रविवारी होता. मधल्या गुरुवारी काकांनी पाकीट आणून टाकलं आणि नेहमीसारखे उभ्या उभ्या गेले.

त्यात लिहिलं होतं : 'पहिल्या अंकात मागावरचा माणूस बोलतो. तो ओरडून बोलतो, कारण त्याचं सगळं आयुष्य आवाजात गेलं आहे. हे नाटककाराला माहीत आहे आणि ते खरं आहे. दुसऱ्या अंकात तोच माणूस हळू आवाजात, लांबलचक आणि शुद्ध बोलू लागतो. तिथं माणूस गप्प होतो आणि नाटककाराची पदवी बोलते.' असंच आणखी थोडं. आणि शेवटी, तासगाव.

मी ते दोनदा वाचलं. परीक्षण वाईट नव्हतं. 'तासगाव' म्हणजे ठीक, नव्या पोराच्या पहिल्या नाटकाला ते पुष्कळ झालं. पण सांगलीहून विट्याला जायचं तर तासगाव वाटेत लागतं. तासगाव म्हणजे विट्याच्या माणसांनी येऊ नये.

आमच्या वडिलांच्या शेडवर शुक्रवारी आमचा पेपर येतो. चहाच्या वेळी कुणीतरी ती शेवटची ओळ वाचून दाखवतो आणि दिवसभर त्याच्यावर चेष्टा चालते. चहा पातळ झाला तर आजचा चहा माधवनगर. पोरगी बघून आलेल्या कुणाला विचारलं तर तो म्हणणार, कराड हाय, कराड. त्या सगळ्यांना माझं नाटक चाललंय हे माहीत होतं. वडिलांनाही होतं. मी त्यांना या असं म्हटलं नव्हतं. का म्हटलं नव्हतं, याचं खरं उत्तर हे, की मी बोलावलं असतं तर ते पोराचं नाटक म्हणून आले असते. मला ते तसे यायला नको होते. त्यांच्या शेडवर पेपरात विटा वाचलं जावं, सगळ्यांनी त्यांच्याकडं बघावं आणि मग त्यांनी यावं, असं मला पाहिजे होतं.

मी बाकीच्या मजकुराला हात लावला नाही. पदवीचं वाक्यसुद्धा ठेवलं. फक्त शेवटचा शब्द पुसून 'विटा' केला. पान सोडलं आणि जेवायला गेलो.

रविवारी दुसऱ्या प्रयोगाला वडील आले. शेडवरचे पाच जण बरोबर. सगळ्यांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. मी त्यांना पाचव्या रांगेत बसवलं आणि मागं जाऊन, दुसऱ्या प्रयोगालाही आलेल्या काकांच्या शेजारी बसलो. काकांनी पुढं बघूनच विचारलं, "कोण रे ते?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत."

पहिल्या अंकात वडील मोकळेपणानं हसले. मागावर राहून त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं ते जे बोलतात ते सगळ्यांना ऐकू जातं. रंगमंचावर जॉबर मागाला कान लावून उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, "आत्ता बरूबर केलं." लोक हसले. दुसऱ्या अंकात जॉबरचं मोठं भाषण आहे. ते सुरू झाल्यावर थोड्या वेळानं वडिलांनी शेजारच्याला विचारलं, "आजारी हाय का ह्यो?" त्यावरही लोक हसले, पण नटाचा आवाज अडखळला. मग वडील गप्प झाले. मला त्यांची मान दिसत होती. काकांनाही दिसत असणार.

प्रयोग संपल्यावर मी बाहेर आलो तर काका फाटकाशी उभे होते आणि ती सहा माणसं त्यांच्या समोर.

"कुठून आलात?" काका विचारत होते.

"विट्यास्नं," वडील म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. आज मागाला सुट्टी. पेपरात विटा लिवलं व्हतं न्हवं, म्हनून आलू. न्हाईतर एवढ्या लांब कोन येतंय?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. एक्स-रेची प्लेट उजेडाला धरून बघतात तेवढाच वेळ.

"चूक झाली माझी," ते वडिलांना म्हणाले. "तासगाव लिहायचं होतं."

"म्हंजी तुमीच काय ते पेपरवाले?"

"मीच."

"मग आमी यायाचं न्हवतं?"

"माझ्या शब्दावर यायचं नव्हतं. तुमचा रविवार गेला, त्याला मी जबाबदार."

वडिलांबरोबरचे एक जण हसून म्हणाले, "आवं, ह्यांचा कुटला रविवार जातोय? नाटकवाला पोरगा ह्यांचाच हाय की."

काका पुन्हा माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. वडिलांनाच विचारलं, "मग तुम्हाला पेपर कशाला लागला?"

"पोरानं कुटं बोलावलं?" वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात, म्हणजे फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जाईल असं. "पेपरानं बोलावलं."

मी पुढं होऊन काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही.

थोड्या वेळानं काका म्हणाले, "आता आलातच तर सांगा. कसं वाटलं?"

"पयला निम्मा झ्याक हाय," वडील म्हणाले. "मागल्या निम्म्यात माग नुसता वाजतोय. कापड पडत न्हाई."

"हे मी लिहायला पाहिजे होतं," काका म्हणाले. "मी उगाच पदवी-बिदवी लिहीत बसलो."

"पदवीला काय नका म्हनू," वडील म्हणाले. "लय कष्टानं काडलीया त्यानं."

मग ते मला म्हणाले, "पुढल्या टायमाला फोन कर. पेपर ऱ्हाऊ दे." आणि शेवटची विटा गाडी चुकू नये म्हणून सगळे स्टँडकडं निघाले. मी त्यांना सोडायला गेलो. वाटेत कुणी नाटकाबद्दल बोललं नाही. सांगलीत बटाटा स्वस्त आहे का विट्यात, यावर बोलणं चाललं होतं.

पुढच्या गुरुवारी काका आले आणि पाकिटाबरोबर एक लहान चिटोरं दिलं. दुरुस्ती. 'गेल्या आठवड्यातील नाटकाच्या परीक्षणाखाली विटा असे छापून आले. ते तासगाव असे वाचावे. चूक माझी. तासगावपलीकडून जे आले त्यांची माफी मागतो.'

"काका, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"खाली सही कुणाची असते?"

"तुमची."

"मग?"

"मी संपादकांना सांगतो."

"सांग की. तो तुझा प्रश्न. हे छाप."

मी छापलं. संपादकांना सांगितलं नाही. नोकरीला दोनच वर्षं झाली होती, आणि घरी मी पेपरात आहे हे सांगण्यात जेवढा मान होता तेवढा पदवीतही नव्हता. संपादकांना हे आज, इथं वाचूनच कळेल. शुक्रवारी शेडवर चहाच्या वेळी ती दुरुस्तीही वाचली गेली असणार. वडिलांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. नाटकाचा दुसरा अंक मी पुढं पुन्हा लिहिला. त्यात मोठं भाषण नाही. त्या प्रयोगाला मी वडिलांना फोन केला.

पण त्या दिवशी, दुरुस्तीचं चिटोरं दिल्यावर, काका गेले नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि माझ्या संगणकाच्या पडद्याकडं तोंड करून बसले. मी मजकूर टाइप केला, चित्र लावलं, मथळा दिला. ते बघत होते. मी शेवटचं गाव टाइप केलं. ते बघत होते. पान गेल्यावर उठले, "येतो," म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून दर गुरुवारी ते बसायला लागले. काही बोलायचे नाहीत. कधी टोमणा नाही, कधी आठवण नाही. चहा मागवला तर घ्यायचे. रिकाम्या कपांबद्दलचं वाक्य आलं की मी आता ते कापत नसे. संपादकांनी एकदा विचारलं, "काका, हल्ली बसता बरे?"

"गुडघे दुखतात," काका म्हणाले.

हे चार वर्षं चाललं. माणूस आपल्याकडं रागानं बघत असला तर त्याची सवय होते. काका रागानं बघत नव्हते. एखाद्या मशीनवर एकदा फिल्म खराब निघाली की पुढं प्रत्येक वेळी ते तपासून घ्यायचं, तसं ते करत होते. मला त्याची सवय झाली नाही. एकदा मी म्हणालो, "काका, आता बास की." ते म्हणाले, "तू काम कर."

मग गुडघे खरोखरच गेले. मिरजेची खोली त्यांच्यानं राखणं होईना. वाईला त्यांची मुलगी असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. जायच्या आधी ते ऑफिसात आले नाहीत. मला वाटलं परीक्षण संपलं. संपादकांनी त्या जागेवर राशिभविष्य मोठं करायचं ठरवलं होतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी माझा फोन वाजला.

"पेन आहे का टाइप करतोस?" काका होते. मागं टीव्हीचा आवाज चालू होता.

"टाइप करतो."

"मग घे. मालिका आहे. मुलीच्या सासूबाई बघतात, त्यांच्याशेजारी बसून बघितली. इथं दवाखाना लांब आहे."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. अर्धा तास लागला. मध्ये दोनदा त्यांना दम लागला, तेव्हा मी थांबलो. शेवटी त्यांनी गाव सांगितलं. सातारा. मालिकेला गाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं होतं, पण मी काही विचारलं नाही. ते गावही माझ्या पडद्यावर उमटलं.

"परत वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नको."

तरी मी वाचून दाखवायला लागलो. पहिल्या वाक्यापासून, सावकाश, शब्द न् शब्द. ते ऐकत होते की मालिका बघत होते ते कळायला मार्ग नव्हता. मध्येच एकदा त्या सासूबाई काहीतरी म्हणाल्या आणि काका त्यांना म्हणाले, "थांबा, पेपरचा फोन आहे." मी शेवटपर्यंत आलो आणि गावाचं नाव वाचलं.

"झालं?" काका म्हणाले.

"झालं."

"मग बसलायस कशाला? सोड पान."